जबडा लागला

"दादा, इतकं संथ वाजवलंस तर लोक मधल्या मधे घरी जाऊन जेवून येतील."

दहा वर्षांनी काका बँडच्या तालमीच्या खोलीत आले आणि त्यांनी थोरल्या भावाशी, मास्तरांशी, बोललेलं पहिलं वाक्य हे! तीस-पस्तीस वाजवणारे ऐकत बसले होते. मास्तरांनी हातातली छडी स्टँडवर आडवी ठेवली, खाकरले.

"येऊ देत की जेवून. तुझ्या लयीत वाजवलं तर त्यांना वाटेल, कुठेतरी आग लागलीय."

आणि खोली हसली. नुसती मास्तरांची माणसं नव्हेत, काकांचीसुद्धा. बँड फुटला त्या दिवसापासून हे दोन कंपू रस्त्यात समोरासमोर आले की दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहायचे. आज एकाच विनोदाला एकत्र हसले. सगळ्यात अवजड पितळी वाद्य सांभाळणारा ट्युबावाला तर इतका हसला, की त्याच्या नव्याकोऱ्या लाल कोटाचं बटण तुटून ड्रमवर जाऊन आपटलं.

खाली जिन्यात दोघांच्या बहिणीने, आत्याने, ते हसणं ऐकलं. जुळलं एकदाचं, ती मनाशी म्हणाली आणि आठव्या पायरीवर बसून राहिली.

जुळवलं तिनेच होतं. महिन्यापूर्वी थोरल्याकडे जाऊन सांगितलं, की धाकटा तुझ्या आठवणीने रडला. मग धाकट्याकडे जाऊन सांगितलं, की थोरला तुझ्या आठवणीने रडला. दोघांपैकी कुणीही रडलं नव्हतं. पण समोरचा रडला म्हटल्यावर दोघेही असे खूश झाले, की बँडच्या पंच्याहत्तराव्या वर्षाचा कार्यक्रम एकत्र करायचं पाच मिनिटांत ठरलं. आज संध्याकाळी सहाला, मैदानावर. त्याआधी सकाळी अकराला सगळ्यांचा गणवेशात फोटो. आत्या एकसष्टची होती आणि अजूनही भावांची छकू होती. पहाटेपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि तिला जबडा लागला होता.

या घरात जबडा हे दुखणं नव्हतं, पदवी होती. वर्षानुवर्षं तोंडाला पितळ लावून फुंकणाऱ्याला कधी ना कधी कानाखालून हनुवटीपर्यंत ठणका धरतो. तो पहिल्यांदा धरला की घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "याला जबडा लागला!" त्या दिवसापासून तो खरा वाजवणारा. मास्तरांच्या वडिलांना, अण्णांना, जबडा होता. अण्णांच्या धाकट्या भावाला, नानांना, होता. मास्तरांना होता, काकांना होता. भांडण झालं तेव्हा वाद्यांची वाटणी झाली, पण जबडा दोघांकडे अख्खाच्या अख्खा राहिला. बायकांना जबडा नसे, कारण त्यांच्या हातात पितळ यायचं ते घासायला.

आत्याने चाळीस वर्षं घासलं. मग आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी, सगळे कार्यक्रमाला गेले असताना, तिने घासलेला कॉर्नेट, ट्रम्पेटचं आखूड भावंड, खाली ठेवलाच नाही. सामानाच्या खोलीत, कॉर्नेटच्या तोंडात टॉवेल कोंबून, ती रोज तासभर वाजवू लागली. कुणाला पत्ता नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी इस्त्रीचे कोट घेऊन हाच जिना चढताना तिच्या जबड्यात ठणका धरला. ती तिथेच पायरीवर बसून रडली, आनंदाने.

आज संध्याकाळी शेवटच्या गाण्याला ती कॉर्नेट घेऊन स्वतःच उभी राहणार होती. दादाची परवानगी मागायची नाही, नुसतं उभं राहायचं. या विचारानेच घाम फुटलाय, असं तिला वाटलं. ठणका मात्र आज थांबत नव्हता. एरवी टेकलं की चार-पाच मिनिटांत जायचा. आता अर्धा तास होत आला, मळमळायलाही लागलं होतं.

"आत्या! अहो, अशा मधेच काय बसलात? फोटोवाला आलाय खाली."

मास्तरांची सून वर येत होती. ती दातांची डॉक्टर. बँड फुटायच्या आधी लग्न होऊन आली, त्याच आठवड्यात काकांनी तिचं नाव पक्कड ठेवलं होतं आणि ते तिला मनातून आवडायचं. तिच्या हातात बिल्ल्यांचा डबा होता. दोन पायऱ्या खालीच ती थबकली.

"केवढा घाम आलाय तुम्हाला!"

"धावपळ का कमी आहे आज?"

"पण इथे तर गार आहे. हात बघू. बर्फ झालेत हात."

"काही नाही गं." आत्या हसली. एखाद्याने सुवर्णपदक दाखवावं तशी हनुवटी वर करून म्हणाली, "जबडा आहे."

सुनेने डबा बाजूला ठेवला आणि सवयीने म्हणाली, "आ करा." मोबाइलच्या उजेडात तिने एकेक दात टिचकी मारून पाहिला. दुखतंय? नाही. हा? नाही. कानापुढचा सांधा दाबला, तोंड उघडझाप करायला लावलं. दात शाबूत, हिरड्या शाबूत, सांधा शाबूत.

"आत्या, तुम्ही तर वाजवतही नाही. तुम्हाला जबडा कुठून लागेल?"

हे ती गमतीत बोलली, पण बोलता बोलताच तिच्या काळजात धस्स झालं. दात ठीक, सांधा ठीक, आणि तरी जबडा दुखतोय. कॉलेजात एक सर नेहमी बजावायचे, की तुमच्या खुर्चीत कधीतरी असा पेशंट येईल ज्याचा दात चांगला असेल आणि हृदय नसेल.

तेवढ्यात आत्याने तिचा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "वाजवते."

"काय?"

"मी वाजवते. कॉर्नेट. आठ महिने झाले. दादाला बोलू नकोस."

सुनेचा जीव भांड्यात पडला. म्हणजे स्नायूच आखडलेत! तिला हसूच फुटलं. "अहो आत्या, कमाल आहे तुमची! आठ महिने?" ती उठली, बिल्ल्यांचा डबा उचलला, एक पायरी वरही चढली. इथेच ती आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करणार होती. पण कुठलाही पेशंट उठताना ती एक प्रश्न विचारतेच, तो तोंडातून आपोआप निघाला.

"दुखतो कधी पण? वाजवायला लागल्यावर लगेच, की वाजवून झाल्यावर?"

"वाजवताना कुठे दुखतो? वाजवताना काही म्हणजे काही होत नाही." आत्याने थांबून श्वास घेतला. "तीन आठवडे झाले, जिना चढताना दुखतो."

सून वळली.

"आणि बसलं की?"

"थांबतो. आज मेला थांबायचं नाव घेत नाहीये."

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"आत्या, खरं सांगा."

"नाही म्हटलं ना! दुखत नाहीये. कुणीतरी ट्युबा आणून ठेवलाय छातीवर, एवढंच." आणि तिने मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवली.

पुढचं सगळं सुनेने एका दमात केलं. अँब्युलन्सला फोन लावला, वय, पत्ता, अर्धा तास जबडा आणि छातीवर दाब, घाम, मळमळ, हे सांगितलं. पलीकडून सूचना आल्या: चालू देऊ नका, आहे तिथे टेकून बसवा. अ‍ॅस्पिरिन चालते का त्यांना? चालत असेल तर एक गोळी चावून खायला द्या. "अहो फोटो!" तिने जिन्याखाली हाक मारली. "माझ्या गाडीत मागे दवाखान्याची पेटी आहे, पळा!" फोटोवाला कॅमेरा गळ्यात घेऊनच पळाला. गोळी आली, आत्याने तोंड वाकडं करत चावली. "यांच्यापाशी बसा, हलू देऊ नका," असं त्याला बजावून सून उरलेला जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढली.

वर बँड ऐन भरात होता. तिने तीनदा हाक मारली, कुणाला ऐकू जाणार? मग तिने ड्रमवाल्याच्या हातातली काठी हिसकावली आणि ड्रमवर एक सणसणीत ठोका घातला. साफ बेताल.

पंच्याहत्तर वर्षांत या खोलीत असा ठोका कुणी घातला नव्हता. मास्तर इतके संतापले, की त्यांना आधी सून दिसलीच नाही, नुसती काठी दिसली.

"आत्यांना हार्ट अटॅक येतोय," सून म्हणाली. "अँब्युलन्स निघालीय. जिना मोकळा करा."

सगळे जिन्याकडे धावले. मास्तर सगळ्यांत पुढे, आठव्या पायरीवर गुडघे टेकून. "काय गं छकू? काय होतंय?"

"काही नाही रे. जबडा आहे, आणि ही उगीच घाबरलीय."

"जबडाच ना!" मास्तरांना हायसं वाटलं. "सूनबाई, अगं जबडा म्हणजे काय ते मला विचार. गरम पाण्याने शेक, तासाभरात..."

"बाबा, नाही."

"बघ, दादा पण तेच म्हणतोय," आत्या म्हणाली. "फोटो होऊ दे, मग हवं तिकडे ने मला."

लहानपणापासून आत्या आणि मास्तर एकीकडे झाले की त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. काकांनी दोघांकडे पाहिलं. आज सकाळीच त्यांनी शपथ घेतली होती, की आजचा दिवस दादाशी वाद घालायचा नाही, निदान लय सोडून दुसऱ्या कशावरून तरी नाही.

"दादा, सरक बाजूला," ते म्हणाले. "पक्कड शिकलेली आहे. तू आणि मी नाही."

"तू मधे बोलू नकोस!"

"बोलणार. माझीही बहीण आहे ती."

"ऐका माझं, दोघेही!" सुनेचा आवाज चढला. सासऱ्यापुढे तो पहिल्यांदाच चढला होता. "हृदय सगळ्या अंगाला रक्त पाठवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतंच ना? ते बारीक वाहिन्यांतून येतं. त्या आतून चरबीने चिंचोळ्या होत जातात, वर्षं जातात, कळतही नाही. बसलेलं असताना पुरतं. जिना चढताना जास्त लागतं, तेव्हा पुरत नाही, मग ते ठणकून सांगतं. छातीतच सांगेल असं नाही. जबड्यात सांगतं, खांद्यात सांगतं, पाठीत, पोटात. बायकांना तर बऱ्याचदा नुसती दमणूक, मळमळ, घाम. गेले तीन आठवडे आत्या जिना चढल्या की दुखायचं, बसल्या की थांबायचं. आज बसूनही थांबत नाहीये. म्हणजे एखादी वाहिनी बंदच पडली असणार. आता. आपण इथे भांडतोय तेवढा वेळ हृदयाचा स्नायू मरतोय."

"तुला नक्की माहितीय?"

"नाही माहिती! म्हणून तर नेतेय. ईसीजीत काही निघालं नाही तर जन्मभर चिडवा मला."

मास्तर काही बोलणार, एवढ्यात त्यांच्या डोक्यात भलताच प्रश्न आला. "पण हिला जबडा लागेलच कसा? ही कुठे वाजवते?"

आत्याने डोळे मिटले.

"वाजवते मी, दादा. कॉर्नेट."

"कुणी शिकवलं?"

"तूच. चाळीस वर्षं दाराबाहेर बसून ऐकत होते."

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. राग आला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. तेवढ्यात आत्या पुढे वाकली आणि भडभडून ओकली. वर आलेला तिचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. त्या चेहऱ्याकडे पाहून मास्तर ताडकन उठले आणि मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा तो आवाज त्यांनी काढला.

"दोन्ही बाजूंना भिंतीला लागा! वाट मोकळी!"

पस्तीस लाल कोट भिंतींना चिकटले. स्ट्रेचरची खुर्ची वर आली, आत्या तिच्यावर बसून खाली गेली, आणि सून तिचा हात न सोडता मागोमाग.

ईसीजीचा कागद बाहेर येता येताच हृदयाच्या डॉक्टरांनी थिएटर तयार ठेवायला सांगितलं. एक वाहिनी पूर्ण बंद होती. मनगटातून बारीक नळी घालून ती उघडायची, तिथे जाळीची नळकांडी बसवायची, म्हणजे स्टेंट. सही मास्तरांनी केली. काकांनी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.

मग वाट पाहणं. हॉस्पिटलच्या त्या पांढऱ्याफटक व्हरांड्यात डझनभर लाल कोट बाकांवर बसले होते, येणारे-जाणारे वळून बघत होते. मास्तरांनी मैदानावर फोन करून संध्याकाळचा कार्यक्रम पुढे ढकलला. बँडच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं आणि त्यांना त्याचं काहीही वाटलं नाही. दहा मिनिटांनी काका म्हणाले, "ती मला म्हणाली होती, तू रडलास."

"मला म्हणाली, तू रडलास."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता मात्र दोघेही रडत होते.

सव्वा तासाने डॉक्टर बाहेर आले, टोपी काढत. "उघडली. छान प्रवाह आहे. वेळेत आणलंत."

डझनभर बँडवाल्यांनी एकदम आरोळी ठोकली. ट्युबावाल्याने सुनेला चक्क उचललं. सिस्टर धावत आल्या, तेव्हा सगळे तोंडावर हात दाबून हसत-रडत उभे राहिले.

"आता एक सांगा," डॉक्टर मास्तरांना म्हणाले. "घरात आणखी कुणाला हृदयाचा त्रास?"

"छे, हृदयाचं आमच्याकडे कुणालाच नाही. आमच्याकडे असतो तो जबडा." मास्तर सवयीने बोलून गेले.

डॉक्टर हसले नाहीत. "जबडा? कुणाकुणाला?"

"अण्णांना होता. ते गेले बावन्नाव्या वर्षी. पुलाच्या चढावर, बँडच्या पुढे चालताना... जबडा धरलाय म्हणाले आणि..." मास्तरांचा आवाज हळू झाला. "नाना. ते सकाळी म्हणाले, आज जबडा जास्तच आहे, जरा पडतो."

"आणि?"

"उठले नाहीत."

व्हरांड्यात एकालाही कुणाकडे पाहवेना.

मास्तर आत गेले, एकटेच. आत्या नळ्यांमध्ये निजली होती, चेहऱ्यावर रंग परत आला होता. तिला सुनेने सगळं सांगितलं होतं.

"म्हणजे मला जबडा लागलाच नव्हता," ती म्हणाली. तिचे डोळे भरले. "मी आपली तीन आठवडे मिरवत होते मनातल्या मनात. नुसतं दुखणंच निघालं मेलं."

"छकू, आपण सगळेच मिरवत होतो."

"तुला सांगणार होते रे."

"मी ऐकलं असतं?"

मास्तरांनीच उत्तर दिलं. "नसतं ऐकलं. हसलो असतो." त्यांनी तिच्या पट्टी नसलेल्या हातावर हात ठेवला. "आता ऐकायचंय मला. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी. टॉवेल न कोंबता."

"चुकले तर?"

"तर ओरडेन. सगळ्यांवर ओरडतो तसाच."

आत्या हसली आणि मॉनिटरवरची रेघ थोडी उड्या मारू लागली. सिस्टरने मास्तरांना बाहेर काढलं.

बाहेर सून भिंतीला टेकून उभी होती. अण्णा, नाना, आत्या. तिच्या डोक्यात हेच फिरत होतं आणि त्यांच्यामागे आणखी एक गोष्ट वर येत होती. दोन वर्षांपूर्वी बाबा तिच्या दवाखान्यात आले होते. "जबडा धरलाय, सूनबाई." तिने पाहिलं, दात झिजलेले दिसले, झोपेत दात खात असाल म्हणाली आणि रात्री दातांवर घालायचं प्लास्टिकचं कवच करून दिलं. कधी दुखतो, हा एक प्रश्न त्या दिवशी तिने विचारला नव्हता. घरचं माणूस होतं ना.

ती बाकावर चढली.

"ज्यांना ज्यांना जबडा आहे त्यांनी हात वर करा."

नऊ हात वर गेले. आजसुद्धा ते थोडे ऐटीतच वर गेले.

"आता नीट ऐका. वाजवताना दुखतो, वाजवून झाल्यावर दुखतो, ते खिडकीपाशी जा. चालताना, चढताना, ओझं उचलताना दुखतो आणि थांबलं की थांबतो, ते माझ्या बाजूला, या दारापाशी या. ऐट नको. खरं सांगा."

बूट वाजले. दोघे ट्रम्पेटवाले खिडकीपाशी गेले, ट्रॉम्बोनवाला गेला, ट्युबावाला जाता जाता म्हणाला, "माझा तर जांभई दिली की दुखतो, मी कुठे जाऊ?" आणि त्यालाही कुणीतरी खिडकीकडे ढकललं. एकेक करून सात जण तिकडे झाले. मधे दोघेच उरले. मास्तर गणवेशाच्या खिशाशी चाळा करत होते. काका जमिनीकडे पाहत होते.

मग काका चालत दारापाशी आले आणि सुनेच्या शेजारी उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले. "आज सकाळी आपण जिना एकत्र चढलो. तू माझ्या पुढे होतास. बाराव्या पायरीवर तू थांबलास."

"बुटाची नाडी सुटली होती."

"तुझ्या बुटाला नाडी नाही, दादा. मी मागे उभा होतो आणि इतका खूश झालो. मलाही थांबायचंच होतं."

मास्तर खाली आपल्या बुटांकडे पाहत राहिले. मग ते हळूहळू व्हरांडा ओलांडून आले आणि धाकट्या भावाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सुनेने बाकावरून उडी मारली, आतलं दार ढकललं आणि हाक दिली.

"डॉक्टर, अजून दोघं आहेत!"